सर्पमित्राचा नंबर सगळ्यांकडे आहे

पाऊस सुरू झाला की आमच्या पुण्यातल्या बावधनच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच विषय असतात, गळती आणि साप. यंदा बी विंगच्या पार्किंगमध्ये घोणस निघाली आणि गळती मागे पडली. फोटो आले, व्हिडिओ आला, एका गृहस्थांनी तर हे अजगराचं पिल्लू आहे असं ठणकावून सांगितलं. (हा घोळ नवा नाही. अजगर समजून घोणस हातात धरलेले महाभाग मी वॉर्डात ॲडमिट झालेले पाहिलेत.) सर्पमित्र आला, घोणस बरणीत भरून घेऊन गेला, आणि रविवारच्या मीटिंगला दोन ठराव आले. एक, सगळ्या आवारात फिनेलसारखं काहीतरी उग्र फवारायचं. दोन, सर्पमित्राशी वर्षाचं ठरवून टाकायचं.

मी एवढंच विचारलं, "समजा चावली असती, तर नेलं कुठं असतं?"

सेक्रेटरींनी जवळच्या काचेच्या दारांच्या हॉस्पिटलचं नाव घेतलं. तिथं एएसव्ही, म्हणजे सर्पदंशावरची लस, असते का? रात्री दोन वाजता व्हेंटिलेटर मोकळा मिळेल का? कुणालाच ठाऊक नव्हतं. "काकू, तुम्ही उगाच घाबरवता," असं एक जण म्हणाला. घाबरवत नाही बाबा. माझी सगळी नोकरी जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या ग्रामीण रुग्णालयात गेली. आजूबाजूला ऊस, कांदा, द्राक्षं. जून ते सप्टेंबर हा आमचा सीझन. "सिस्टर, पान लागलंय", म्हणजे साप चावलाय, म्हणत माणसं यायची, आणि येईपर्यंत निम्मा वेळ मारुतीच्या देवळात गेलेला असायचा. तिथं कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचे. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर चढलंय. भगताचं नाव टिकतं याचं कारण अगदी साधं आहे. चावणाऱ्या सापांत धामण, दिवड, कवड्या असे बिनविषारी पुष्कळ असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. ती माणसं आपोआपच बरी होतात. यश भगताच्या खात्यात, अपयश आमच्या.

विषारी चार लक्षात ठेवायचे : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आपल्याकडची लस या चौघांवर मिळून एकच असते. म्हणून साप मारून पिशवीतून आणण्यात काही अर्थ नाही. मेलेल्या सापाचं तोंडही चावतं, आणि त्या मारामारीत दुसरा माणूस पेशंट होतो. उपचार सापाच्या नावावर नाही, पेशंटच्या लक्षणांवर ठरतात.

घोणशीचं विष रक्तावर जातं. ते ओळखायची जी तपासणी आहे, तिला ना मशीन लागतं ना वीज. एक नवी, कोरडी, काचेची टेस्ट ट्यूब. त्यात दोन मिली रक्त घ्यायचं आणि 20 मिनिटं तिला हात लावायचा नाही. घड्याळ बघायचं, मग एकदाच आडवी करायची. रक्त घट्ट जमलेलं असलं तर तूर्त ठीक. पातळ वाहिलं तर घोणस किंवा फुरसं, लस सुरू करायची. यात मेख अशी की ट्यूब प्लॅस्टिकची चालत नाही, आणि साबणाने धुतलेली तर मुळीच नाही. रक्त चांगलं असूनही गोठत नाही आणि नसता निकाल हातात येतो. आमच्या वॉर्डात कोऱ्या ट्यूबांचा एक डबा मी कपाटात कुलपात ठेवत असे. त्यावरून माझी चेष्टाही व्हायची.

लस म्हणजे पांढरी कोरडी पावडर. एकेका व्हायलमध्ये दहा मिली पाणी घालून ती विरघळवायची. खळखळ हलवली तर फेस होतो, म्हणून दोन्ही तळहातांत धरून हळूहळू फिरवायची. सुरुवात साधारण दहा व्हायलपासून. रात्रपाळीला आम्ही दोघीच असलो की दोघी स्टुलावर बसून व्हायली फिरवतोय, बाहेर नातेवाईक दार ठोठावतायत, "सिस्टर, इंजेक्शन द्या ना लवकर!" त्यांना वाटायचं आम्ही टाइमपास करतोय. डोस लहान मुलालाही मोठ्याइतकाच. मूल लहान म्हणून साप काही कमी विष सोडत नाही. लस घोड्याच्या रक्तापासून बनते, त्यामुळे एखाद्याला जोराची रिॲक्शन येते. म्हणून ॲड्रेनालिन आधीच सिरिंजमध्ये भरून उशाशी तयार. मग सलाईनमधून साधारण तासाभरात लस, आणि सहा तासांनी पुन्हा तीच ट्यूब, तीच 20 मिनिटं. घोणशीच्या पेशंटची लघवी किती होते हे मोजत राहायचं, कारण पुढचा घाला किडनीवर असतो.

मण्यारीची गोष्ट वेगळी. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूज नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, घरचे म्हणतात ॲसिडिटी. मग पापण्या जड होतात, घरचे म्हणतात झोप झाली नाही, झोपू दे. पावसाळ्यात पहाटे असा पेशंट आला की आमचे डॉक्टर पहिला प्रश्न विचारायचे, "खाली झोपला होतात का?" एका श्वासात एक ते वीस आकडे म्हणायला लावायचे. दर थोड्या वेळाने पुन्हा म्हणायला लावायचे. मघाशी वीसपर्यंत गेलेला आता अकरावर अडकला, तर श्वास कमी पडत चाललाय हे समजून हाताने दाबून श्वास द्यायची ॲम्ब्यू बॅग हाताशी घ्यायची. नंतर पूर्ण लुळा पडला, डोळे उघडेनात, बोट हलेना, तरी त्या माणसाला ऐकू येत असू शकतं. श्वास चालू ठेवला तर काही दिवसांनी तो उठून बसतो. असा एक द्राक्षबागेतला मजूर बरा झाल्यावर, बेशुद्ध समजून त्याच्या उशाशी मेव्हणा जमिनीबद्दल काय बोलला ते सगळं सांगत होता. पुढे त्या घरात काय झालं देव जाणे.

हे सगळं का सांगते? देशात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने अंदाजे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला 58,000 च्या आसपास. बहुतेक खेड्यातली, पुष्कळशी दवाखान्यात न पोचलेली. 2024 च्या मार्चमध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात आहे. त्यासाठी जगातले साप पकडून संपवायचे आहेत असं कुठंही लिहिलेलं नाही.

पकडून दुसरीकडे सोडण्याचा धडा आमच्या भागाने बिबट्यांच्या बाबतीत घेतलाय. 2001 नंतर जुन्नर परिसरातले बिबटे धडाधड पिंजऱ्यात घालून लांबच्या जंगलांत नेऊन सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशोब मांडला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे, या मोहिमेनंतर सरासरी 17 झाले. उसात जन्मलेलं जनावर अनोळखी रानात सोडलं तर ते बिथरणार, वाट काढत फिरणार. माणिकडोहच्या बिबट्यांच्या केंद्रातले पिंजरे भरून गावं सुरक्षित झाली असती तर प्रश्न केव्हाच मिटला असता. बिबट्याने ज्या घरचं माणूस नेलं, त्यांना हे ऐकवायला मी जाणार नाही. त्यांचा राग मी जवळून पाहिलाय. पण रात्री शेतीची वीज देऊन माणसाला एकट्याला पाणी धरायला पाठवायचं आणि पिंजरा लावला म्हणून काम झालं म्हणायचं, हे मला पटत नाही.

घोणशीचंही तेच. ती पार्किंगमध्ये आली उंदरांसाठी, आणि उंदीर आले आपल्यासाठी. सी विंगच्या मागे नूतनीकरणाचा राडारोडा गेल्या दिवाळीपासून पडलाय. कुत्र्यांना घातलेला भात रात्रभर तिथंच. शिवाय घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि एका वेळी वीस-चाळीससुद्धा देते. एक मोठी नेली म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. फवारणीने साप यायचे थांबत नाहीत, मला मात्र दमा आहे.

मीटिंगमध्ये हे सगळं बोलू दिलं नाही, अजेंड्यावर लिफ्ट होती. म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन घेऊन बसले. आसपासच्या हॉस्पिटलांत एकच विचारायचं, लस आत्ता शिल्लक आहे का आणि व्हेंटिलेटर आहे का. बहुतेक ठिकाणी रिसेप्शनवरच्या मुलीला प्रश्नच कळेना. एका ठिकाणी "सकाळी ओपीडीत या" असं उत्तर मिळालं. जिथं नीट उत्तर आलं त्यांची नावं, ससूनचा रस्ता आणि 108 असा कागद करून लिफ्टशेजारी चिकटवलाय. खाली लाल पेनाने लिहिलंय : आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, हातातली अंगठी-बांगडी काढा, पाय हलवू न देता गाडीत घाला.

फवारणी रद्द झाली. राडारोड्याचा ट्रॅक्टर ठरलाय, खर्चावरून सी विंगचं भांडण चालू आहे. धोका खरा कुणाला, तर वॉचमनला. तो बायको-मुलांसह पंपाच्या खोलीत जमिनीवर झोपतो. त्याच्यासाठी दोन खाटा कमिटीकडून मंजूर करून घेतल्या. मच्छरदाणी मी लक्ष्मी रोडवरून आणली आणि ती गादीखाली चारी बाजूंनी कशी खोचायची ते त्याच्या बायकोला दाखवून आले. टॉर्च आलाय. गमबुटांचं बिल खजिनदारांनी अजून पास केलेलं नाही.