लाल रंगाखालची पिवळी गाडी

गेल्या फेब्रुवारीत गोव्यातल्या लोटली गावी एका जुन्या घराच्या मागीलदारी, माडाच्या चुडतांनी शाकारलेल्या खोपीत, मी ती पहिल्यांदा पाहिली. फियाट 124 स्पोर्ट कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, 1971 ची, चार हेडलाइटांची. मोझांबिक 1975 मध्ये स्वतंत्र झाल्यावर परतलेल्या एका कुटुंबाने ती बोटीने आणली होती. तिकडेही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूनेच धावतात, त्यामुळे स्टिअरिंग उजवीकडे होते आणि इथे आल्यावर त्यात काही बदलावे लागले नव्हते. गोवा, दमण आणि दीव एकत्र होते त्या काळची ‘जीडी’ने सुरू होणारी नंबराची पाटी अजून तिच्यावर होती, कागदपत्रे बिस्किटांच्या डब्यात जपलेली होती आणि रंग चकचकीत लाल होता. त्या लाल रंगानेच मला फसवले.

घरच्या म्हाताऱ्या बाईंनी बॅटरी आणली तर गाडी आत्ता चालू होईल, असे मोठ्या विश्वासाने सांगितले. मी नको म्हटले, आणि या व्यवहारात मी दाखवलेला शहाणपणा तेवढाच. पूर्वी फेरारीत काम केलेल्या ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी आखलेल्या या 1438 सीसी इंजिनाचे, व्हॉल्व्हची उघडझाप करणारे दोन कॅमशाफ्ट साखळीने नव्हे, तर दातेरी रबरी टायमिंग बेल्टने फिरतात. साठच्या दशकात ही गोष्ट नवलाची होती. पंचवीस वर्षे एकाच जागी वाकून राहिलेला असा बेल्ट स्टार्टरच्या पहिल्या झटक्याला तुटला किंवा दाते सोडून सरकला, तर व्हॉल्व्ह वाकण्याचा धोका असतो, आणि मग ज्या इंजिनासाठी आपण गाडी घेतली त्याचेच डोके उघडून बसावे लागते.

गाडी ट्रकवर घालून कुंडईला आणली. तिथल्या शेडमध्ये काम करणाऱ्या मेस्तांनी, म्हणजे मिस्त्रींनी, उमेदीच्या काळात प्रीमियर 118 एनई पुष्कळ हाताळलेल्या आहेत. ती गाडी 124 च्या सेडान रूपावरच बेतलेली होती, इंजिन मात्र निसानचे. त्यामुळे सुटे भाग इथेच मिळतील अशी माझी भाबडी समजूत होती. कूपेचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, सेडानइतकाच, 2420 मिलिमीटर, असला तरी वरचा एकही पत्रा तिला लागत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. मी बॉनेट उघडून इंजिनाचे कौतुक करत होतो, तेव्हा ते खाली बसून दाराखालच्या सिलवर चुंबक फिरवत होते. चुंबक पुढच्या टोकाला चिकटला, मध्यावर आला आणि टपकन जमिनीवर पडला. “पयलीं पत्रो पळयात, मागीर इंजीन,” आधी पत्रा पाहा, मग इंजिन, एवढेच ते म्हणाले.

त्यांनी छिन्नीने हलकेच ठोकले, तेव्हा रंगाखाली भरलेल्या लांबीची, म्हणजे पुट्टीची, एक सलग खपली निघून माझ्या हातात आली. ती करवंटीपेक्षा जाड होती, आणि तिच्या कडेला रंगांचे थर स्पष्ट दिसत होते: वर लाल, खाली पांढरा, त्याखाली पुन्हा लाल, मग राखाडी प्रायमर. त्यामागे पत्रा नव्हताच. गंजाचा भुगा, मुंग्यांचे वारूळ आणि कोणीतरी आत कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा होता. ज्या कुणा रंगाऱ्याने हे केले त्याच्या हाताला सफाई होती, हे मात्र मान्य करावे लागेल.

या गाडीला वेगळी चासी नाही. सगळा भार शरीराच्या पत्र्यावरच असतो आणि त्यातला मोठा वाटा सिल उचलतात, म्हणून कुजलेला सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी तात्पुरती वेल्ड करून ठेवावी लागते, नाहीतर गाडी मध्यावर खचते आणि मग दार कधीच नीट लागत नाही. आम्ही एका वेळी एकच बाजू घेतली. अठरा गेजचा पत्रा वाकवून आतला, मधला आणि बाहेरचा असे तीन तुकडे केले. बाहेरचा तुकडा चौथ्या प्रयत्नात जमला. मार्चचा निम्मा आणि एप्रिल यातच गेला, आणि त्या काळात माझ्याकडे दाखवण्याजोगे काहीही नव्हते, हे घरच्यांना समजावणे सिलपेक्षा अवघड होते.

ब्रेकचे काम तुलनेने सरळ निघाले. चारही चाकांना डिस्क आहेत आणि त्या दाबून धरणारे चारही कॅलिपर जाम होते, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते आणि इथल्या हवेत तो कमी नसतो. कॅलिपरच्या रबरी सीलचे संच परदेशातून मागवले. इंधनाचे सगळे रबरी नळ बदलले, ते केवळ जुने झाले म्हणून नव्हे. आता पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पूर्वीचे रबर फुगते आणि चिरते, आणि तसा एखादा नळ तापलेल्या इंजिनाजवळ ठिबकला तर पुढचे सांगायला नको.

रंगावरून मात्र वाद झाला. दाराचे रबर काढले तेव्हा त्याखाली बोटभर रुंदीची मूळ पिवळ्या रंगाची पट्टी सापडली, मोहरीच्या फुलासारखी. इटालियन गाडी म्हणजे लालच हवी, असे मला भेटणारा प्रत्येक जण सांगतो. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करण्याचे केंद्राचे 2021 चे नियम गाडी मूळ रूपात असावी अशी अपेक्षा धरतात, हे माझ्या बाजूचे एक कारण झाले. खरे कारण असे, की तो लाल रंग पाहिला की मला वर्तमानपत्राचा बोळा आठवतो. गाडी पिवळीच होणार आहे, पण दिवाळीनंतर, कारण पावसाळ्यातल्या दमट हवेत मारलेला रंग सुकताना दुधी पडतो.

पावसाच्या दिवसांत म्हणून इंजिन हाती घेतले. इतकी वर्षे न फिरलेले इंजिन सैल व्हावे म्हणून प्लग काढून चारही सिलिंडरांत डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मे-निम्मे ओतले आणि आठवडाभर हात लावला नाही. मग नवा टायमिंग बेल्ट खुणा जुळवून चढवला. गेल्या रविवारी मेस्तांनी क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, नटाला लांब रिंगपाना लावून तो माझ्या हातात दिला. बाहेर पन्हाळीतून पाणी कोसळत होते, त्यामुळे आतला आवाज ऐकण्यासाठी आम्ही दोघेही जवळजवळ इंजिनावर ओणवे झालो होतो. पहिल्या पाव फेरीला करकर झाली, मग एका जागी जड लागले, आणि नंतर पाना एकसारखा फिरू लागला. क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या झाल्या आणि दोन्ही कॅमच्या खुणा पुन्हा बरोबर समोर येऊन थांबल्या. मेस्तांनी तिथे खडूने एक रेघ ओढली आणि चहा सांगितला.