तुम्ही विचारलंत म्हणून: टाळेबंदीने आणि लशीने साथ आटोक्यात येते का?

लग्नात, बसस्टँडवर, बँकेच्या रांगेत, कुठंही गाठ पडली की ओळखीचं माणूस आधी गुडघ्यांची चौकशी करतं आणि मग हळूच विषय काढतं. "सिस्टर, खरं सांगा, कोरोनातल्या त्या लॉकडाऊनचा काही उपयोग झाला का? अन् लशीचा? यायची ती साथ आलीच ना?" बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात मी आरोग्यसेविका होते. आता निवृत्त आहे, म्हणजे आता खरं बोलेन असा लोकांचा समज. विचारणाऱ्यांत दोन तट असतात. एकाला माझ्या तोंडून ऐकायचं असतं की सगळा तमाशा होता. दुसऱ्याला ऐकायचं असतं की त्यामुळेच आपण वाचलो. दोघंही माझ्याकडून थोडे नाराज होऊनच जातात.

लॉकडाऊनने साथ पुढे ढकलली जाते. लशीने माणसं मरायची कमी होतात, लागण मात्र त्या मानाने कमी होत नाही. आपल्यासारख्या देशात या दोन्हींचा गुण येतो का, हे मधल्या दिवसांत दारोदार कोण फिरलं आणि घरात पीठ किती होतं यावर ठरतं. माझं उत्तर एवढंच. पण यावर लोक "म्हणजे कसं?" म्हणतात, म्हणून पुढचं.

२४ मार्च २०२० ला रात्री आठला लॉकडाऊनची घोषणा झाली आणि बारापासून अंमल. आमच्याकडची कितीतरी घरं तेव्हा आधीच बंद होती, दिवाळीपासून. मुकादमाची उचल घेऊन गेलेली जोडपी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडच्या कारखान्यांवर कोप्या टाकून ऊस तोडत होती. घराबाहेर पडू नका म्हणे. ज्याचं घर म्हणजे पाचटाची कोपी आणि जे दिवसभर फडात वाकलेलं, त्यानं हा हुकूम कुठं बसून पाळायचा? साखर जीवनावश्यक, त्यामुळे गाळप सुरूच राहिलं. म्हणजे तोडणीला बंदी नव्हती, बंदी होती ती गावी परतायला.

१७ एप्रिलला राज्य सरकारनं परवानगी दिली. कारखान्यावर चौदा दिवस काढलेल्या मजुरांना तपासून गावी सोडायचं ठरलं. लाखाहून जास्त माणसं निघाली. इकडं गावांनी वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ते अडवलेले. अडवणारे परके नव्हते, भाऊबंदच होते, आणि त्यातले काही तर मागच्या हंगामात त्याच टोळीत गेलेले.

माझं काम त्यांना तपासून जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवण्याचं. हातात कपाळाला लावायची तापाची बंदूक. एप्रिलचं ऊन, माणूस उघड्या ट्रॅक्टरमधून आलेला, त्याचं कपाळ तापलेलंच असणार. पहिल्या टोळीत सगळ्यांनाच ताप निघाला. मग मी सगळ्यांना लिंबाच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा तपासलं. ताप उतरला होता. वरून आलेल्या सूचनांत हे सावलीचं कुठं लिहिलेलं नव्हतं.

बैलांचंही लिहिलेलं नव्हतं. बैलगाडीवाल्या टोळ्यांचे बैल सोबतच येतात. माणसं वर्गांत, बैल मैदानात, आणि चारा घरी. एक बाई हात जोडून म्हणाली, "सिस्टर, मला ठेवा इथं महिनाभर, पण बैल जाऊ द्या, त्यांना काय झालंय?" ग्रामसेवक परिपत्रक उलटंपालटं करून पाहत बसले. तोवर कुणीतरी दावं सोडलं आणि बैल आपले आपण घराच्या वाटेला लागले. त्या वेळचा सगळ्यात शहाणा निर्णय तो होता असं मला अजून वाटतं. लेकरांना मात्र आजीच्या हातची भाकरी कुंपणावरूनच मिळायची.

हसू येतं आता. पण त्याच दिवसांत, ८ मेच्या पहाटे, शेजारच्या जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे चालत निघालेले. आजाराने मेलेल्यांच्या यादीत ते कुठंच नाहीत. लॉकडाऊनचा हिशोब मांडायचा तर ती यादीही सोबत धरावी लागते.

आता उपयोग. तो झाला, हे मी कुणालाही तोंडावर सांगते. मेच्या मध्यापर्यंत आमच्या जिल्ह्यात रुग्ण जवळजवळ नव्हते. नंतर मुंबई-पुण्याहून माणसं परतू लागली आणि आकडे हलले. आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, मे-जून २०२० मध्ये देशातल्या ७० जिल्ह्यांत रक्ताचे नमुने घेऊन पाहणी केली, त्यात बीडही होतं. देशभरात प्रौढांपैकी १ टक्क्याहूनही कमी, ०.७३ टक्के लोकांना तोवर लागण होऊन गेलेली दिसली. म्हणजे साथ खेड्यांपर्यंत पोचायला वेळ लागला. त्या वेळात पीपीई किट देशात तयार व्हायला लागले, तपासणीच्या प्रयोगशाळा वाढल्या, डॉक्टरांना आजार जरा कळला. पहिल्या महिन्यात ज्या रुग्णाचं काय करावं हे कुणालाच उमगत नव्हतं, त्याला सप्टेंबरात पालथं झोपवून ऑक्सिजन लावायचा हे वॉर्डातल्या मावशींनाही माहीत झालं होतं.

पण "थांबली" म्हणाल तर नाही. लॉकडाऊन लागला तेव्हा देशात नोंदलेले रुग्ण पाचशेच्या आसपास होते, ३१ मेला १ लाख ८० हजारांच्या पुढे गेले होते. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत पाहणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली, इमारतींत १६ टक्के. शहर एक, हुकूम एक, पोलीस तेच. एका खोलीत आठजण आणि संडास सार्वजनिक, तिथं अंतर ठेवायचं कुणी आणि कुणापासून?

धारावीचं उदाहरण लोक मला उलट देतात. तिथं तर आटोक्यात आली ना! आली. १ एप्रिलला पहिला रुग्ण सापडला आणि जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी तिचं नाव घेतलं. पण नुसतं कुलूप लावून ते झालं नाही. महापालिकेची माणसं आणि वस्तीतले खासगी डॉक्टर गल्लोगल्ली फिरले, संशयिताला घरातून काढून शाळेत नाहीतर क्रीडासंकुलात ठेवलं, तिथं दोन वेळचं जेवण दिलं, संडास दिवसातून अनेकदा धुतले. घरात राहा म्हणण्याऐवजी घरातून बाहेर काढून नीट ठेवलं. दाट वस्तीत हेच चालतं, आणि याला माणसं लागतात.

मिळालेला वेळ वाया कसा जातो तेही आपणच पाहिलं. २०२० ची दिवाळी झाली, रुग्ण उतरले, आणि जागोजागी कोविड सेंटरच्या खाटा गुंडाळल्या गेल्या. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात तिथले जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी त्याच शांततेत ऑक्सिजनचे प्रकल्प उभारले. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठी शहरं सिलिंडरसाठी रडत होती तेव्हा त्याचं मोल कळलं. विकसनशील, विकसनशील असं सारखं म्हणतो आपण. नंदुरबार राज्यातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांपैकी एक. तिथं जे झालं ते पैसेवाल्या जिल्ह्यांत का झालं नाही, याचं उत्तर गरिबीत सापडत नाही.

आता लस. १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली, आधी आम्हालाच. मार्चपासून म्हातारी माणसं. कोविशिल्ड लशीच्या एका व्हायलमध्ये, म्हणजे बाटलीत, दहा डोस, आणि व्हायल एकदा फोडली की चार तासांत संपवायची. वाडीवर जावं तर चौघंच जमलेले. फोडायची का? फोडली तर सहा डोस फुकट आणि तालुक्याला जाब. नाही फोडली तर एवढं समजावून आणलेलं म्हातारं घरी जातं ते पुन्हा येत नाही. आशाताई मग शेताशेतात हाका मारत फिरायच्या, आणि मी त्या चौघांना गप्पांत गुंतवून बसायचे. डोस नीट ओढले तर कधीकधी अकरावाही निघतो. तो निघाला की आम्हाला दिवाळी.

अफवा तर काय सांगाव्यात. दोन वर्षांत माणूस मरतो, मूल होत नाही, सुई टोचली की कोरोनाच होतो. एका आजींनी मला दारातच सुनावलं, "तू मला लहानपणापासून ओळखतीस, तुला माझं वाईट व्हावं असं का वाटतं गं?" त्यांना मी कोण सांगतं, काय सांगतं, यातलं काहीही सांगितलं नाही. त्यांच्या नातवंडांना गोवरची, पोलिओची लस कुणी दिली ते विचारलं. २०२१ च्या नोव्हेंबरात औरंगाबादला जिल्हाधिकाऱ्यांनी लस नाही तर रेशन नाही, पेट्रोल नाही, असा आदेश काढला. त्याने आकडा वाढतो, मी नाही म्हणत नाही. पण रेशनसाठी बाही वर केलेला माणूस पुढच्या वेळी आरोग्यखात्याची गाडी दिसली की मागच्या दाराने निघून जातो. मला त्याच गावात परत जायचं असतं. आदेश काढणाऱ्याची बदली होते.

मे २०२१ मध्ये तर भांडण वेगळंच. लस घ्यायला लोक तयार, आणि लस नाही. जगातला सगळ्यात मोठा लसकारखाना पुण्यात हडपसरला, आमच्यापासून काही तासांवर, आणि आमचा फ्रिज रिकामा. तरुणांसाठीची नोंदणी मोबाइलवर. शहरातली पोरं पटापट बोटं चालवून आमच्या केंद्राचे स्लॉट घ्यायची, गाडीने यायची, टोचून जायची. आमचा पोरगा बांधावर रेंज शोधत ओटीपीची वाट पाहायचा. १८ ते ४४ वयाचं लसीकरण राज्याला मेच्या मध्यातच थांबवावं लागलं, आहे ती लस मोठ्यांच्या दुसऱ्या डोसाला वळवली. दुसरी लाट शिगेला पोचली तेव्हा देशात दोन्ही डोस झालेले शंभरात जेमतेम दोघं होते. त्या लाटेत लस हरली असं म्हणणाऱ्यांना मी म्हणते, ती मैदानात आलीच नव्हती. (मरण किती झालं तेही धड ठरलेलं नाही. सरकारी नोंद दोन वर्षांत पाच लाखांच्या आत, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ४७ लाखांचा, आणि तो आपल्या सरकारला मान्य नाही. स्मशानातली लाकडं संपलेली पाहिली त्यांना आपापला अंदाज आहे.)

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन, म्हणजे त्याच विषाणूचा नवा अवतार, आला. दिवसाला साडेतीन लाखांच्या आसपास रुग्ण, मागच्या मे महिन्याच्या जवळपास. मृत्यू मात्र तेव्हाच्या मानाने फार थोडे. प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना तोवर एक डोस आणि साधारण दोनतृतीयांशांना दोन्ही डोस मिळालेले होते. सगळं श्रेय लशीचं नाही. तो विषाणूच जरा सौम्य होता, आणि २०२१ च्या जून-जुलैतल्या पाहणीत ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली होती, म्हणजे बहुतेक गाव आजारातून जाऊन आलेलं होतं. फार महाग पडलेलं संरक्षण ते.

जुनी माणसं यावर देवीच्या रोगाचा दाखला देतात. "आमच्या काळात लशीने देवी संपवली की!" खरं आहे, पण अर्धंच. १९६२ पासून देशभर टोचणी चालली होती, आणि तरी १९७४ मध्ये मोठी साथ आली. १९७३ च्या शेवटी सुरू झालेला घरोघरचा शोध मग आणखी नेटाने चालला. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस ठेवलं, ते वाढत वाढत हजार रुपयांवर गेलं. भिंतीभिंतींवर तसं रंगवलेलं मी लहानपणी वाचलंय. रुग्ण सापडला की त्याच्या भोवतालच्या घरांतल्या सगळ्यांना टोचायचं. मे १९७५ मध्ये शेवटचा रुग्ण. लस पहिलीही तीच होती, शेवटचीही तीच. फरक पडला तो शोधणाऱ्यांमुळे.

आणि कुलपाचंही बिल नंतर येतं. २०२० मध्ये देशात क्षयरोगाच्या नोंदी २४ लाखांवरून १८ लाखांवर आल्या. क्षय कमी झाला नव्हता, खोकणारा माणूस दवाखान्यात येत नव्हता. लेकरांच्या नेहमीच्या लशी रेंगाळल्या. २०२२ च्या अखेरीला मुंबईत गोवंडीला गोवर उसळला तेव्हा आमच्यासारख्यांना कुणालाच नवल वाटलं नाही.

"मग पुन्हा अशी साथ आली तर तुम्ही लॉकडाऊन लावाल?" हा प्रश्न बहुतेक शेवटी येतो. लावीन. थोड्या दिवसांचा, जिथं साथ आहे तिथलाच, आणि घोषणेच्या आधी रेशन घरात पोचवून. बाहेरगावी अडकलेल्याला आधी घरी येऊ देईन. लस आली की ओटीपी बाजूला ठेवून मतदार यादी हातात घेईन आणि साठीच्या पुढच्यांच्या दारात जाईन. आमच्या आशाताईंना त्या सगळ्या काळात केंद्राकडून कोविडच्या कामाचे महिन्याला हजार रुपये मिळत होते, आणि राज्याकडून वाढ मिळवायला जून २०२१ मध्ये, साथ चालू असताना, संप करावा लागला. ती वाढ मी पहिल्याच दिवशी देईन.