के३१ च्या बटप्लेटखालची चिठ्ठी

मंडळी, मागे माझ्याकडच्या त्या जुन्या स्विस लष्करी रायफलबद्दल सांगितलं होतं ना, ती नेमकी कुठलं मॉडेल आणि कुणाची होती, ते निम्मं कोडं सुटलं. आधी माझी चूक कबूल करतो, मी छातीठोकपणे के११ (१९११ चं मॉडेल) म्हणालो होतो आणि ती निघाली के३१ (१९३१ चं). दोघींचा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) सरळ मागे ओढायचा, दोघी साधारण ११० सेंटीमीटर, लांबून बघितलं तर जुळ्या बहिणी. शेवटी चेंबर (गोळी बसते तो भाग) रिकामं आहे हे दोनदा बघून घेतलं, बोल्ट बंद केला, तोंडाकडून लाकडी काठी आत घालून नळी मोजली तर ६५ सेंटीमीटर भरली. के११ ची ५९ च्या आसपास असते. के३१ ची बोल्टची यंत्रणाच आखूड केलीये म्हणून तेवढ्याच बंदुकीत नळी लांब बसली.

बाकीचं पटापट झालं. नंबरावरून १९४३ ची, बर्नच्या सरकारी कारखान्यातली, दस्ता अक्रोडाचा (बीचचं लाकूड नंतर आलं). नंबराजवळ 'पी' चा ठसा आहे, म्हणजे शिपायाची नोकरी संपल्यावर रायफल त्याच्याच मालकीची झाली. स्विस शिपाई दस्त्याच्या टोकाच्या धातूच्या पट्टीखाली, म्हणजे बटप्लेटखाली, आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायचे, मग म्हटलं इथेही असणारच.

बटप्लेटचे दोन स्क्रू. खालचा गंजून असा बसलेला की दोन दिवस तेल सोडत राहिलो, घाई केली असती तर खाच गेली असती आणि मी रडत बसलो असतो. प्लेट निघाली आणि आत तपकिरी पडलेला, नखाएवढ्या कोपऱ्याने लाकडाला चिकटलेला कागद! नाव, जन्मसाल, गाव आणि फ्युझिलियर (पायदळ) कंपनी, रोमन आकडा कंपनीचा आणि तिरक्या रेघेनंतरचा बटालियनचा. नाव इथे देत नाही, घरचे लोक हयात असतील.

आता खरा घोळ. सैनिकांच्या जुन्या याद्या कँटनच्या (स्विस प्रांताच्या) अभिलेखागारात असतात म्हणून तिथे विचारलं, उत्तर छान आलं, पण त्यात गाव वेगळंच! मी महिनाभर त्या दुसऱ्या गावात माणूस शोधत बसलो. मग डोक्यात प्रकाश पडला की स्विस कागदांवर लिहितात ते मूळगाव, म्हणजे घराण्याचं नागरिकत्व जिथलं ते, माणूस तिथे जन्मलेला सोडा, कधी गेलेला पण नसेल. आपल्या आडनावातल्या गावात कुणी चौकशी करत फिरावं तसं झालं हे. १९६२ पर्यंतच्या घराण्यांची गाववार सूची असते त्यात आडनाव बघितलं, मूळगाव बरोबर तेच!

म्हणजे चिठ्ठीतलं गाव राहण्याचं. तिथे त्याच आडनावाचं एक घर अजून आहे, त्यांना पत्र टाकलंय, सोबत चिठ्ठीचा फोटो आणि रायफलचा नंबर, कारण त्यांच्याकडे सैनिकी सेवापुस्तिका जपलेली असेल तर तो नंबर तिच्यात सापडायला हवा. मूळ कागद मात्र होता तसाच परत ठेवला आणि प्लेट लावून टाकली, खालचा स्क्रू अगदी हलकाच आवळलाय.