पाडव्याचा पीसी आणि रिकामा स्लॉट

२०२४ च्या पाडव्याला ताईच्या घरी नवा पीसी आला. दाजींनी भिशी उचलली होती, भाचा नुकताच अकरावीतून बारावीत गेला होता. काचेचं कॅबिनेट, पुढे तीन रंगीत पंखे, आत रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर, आठ जीबी रॅम, ५१२ जीबीचा एसएसडी. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस धरून छत्तीस हजार. दुकानात त्याच्यावर ‘गेमिंग पीसी’ अशी चिठ्ठी होती, ती भाच्याने जपून ठेवली होती. ताईने कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, पेढे वाटले.

मे महिन्यात मी सोलापूरला गेले तेव्हा पोरगं गप्प गप्प होतं. विचारलं तर म्हणाला, “लई अडकायलंय मावशी. कोपऱ्यावरनं वळलं की स्क्रीन थांबतंय, परत चालू होईपर्यंत मी मेलेला असतो.”

हे खेळापुरतं असतं तर मी इतकं मनावर घेतलं नसतं. दहावीनंतर त्याचे मित्र पांगले. एक लातूरला क्लासला, एक पुण्याला, एक हैदराबादला वडिलांच्या बदलीमुळे. रात्री साडेनऊ वाजता हे चौघं व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमवर भेटतात, अर्धा वेळ खेळ आणि अर्धा वेळ गप्पा. त्या आठवड्यात त्यातला एक जण म्हणाला होता, तुझ्यामुळे हरतोय, आज तू नको येऊस. सतरा वर्षांच्या मुलाला हे किती लागतं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

दाजींनी त्यांच्या परीने केलं होतं. मुलगा ‘लॅग होतंय’ म्हणतो म्हणून त्यांनी इंटरनेटचा प्लॅन दुप्पट वेगाचा घेतला. फरक शून्य. मग पीसी दिला त्या दुकानात फोन केला. तिथून उत्तर आलं की ग्राफिक्स कार्ड टाकावं लागेल, पंधरा हजार, आणि जमलं तर एसएमपीएसही (वीज पुरवणारा डबा) बदलू. दाजी पुढच्या भिशीचा हिशोब करायला लागले होते. मी म्हटलं, “दाजी, दोन दिवस थांबा. मला बघू दे.”

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडला शिकवते. पोरांना पहिल्या आठवड्यापासून एकच सवय लावते: लक्षण लिहून काढ, मग मोज, मग हात लाव. इथे उलटं झालं होतं. कोणी काही मोजलंच नव्हतं आणि औषधं चालू झाली होती. भाच्याने यूट्यूबवर बघून दोन ‘गेम बूस्टर’ टाकले होते, ते स्वतःच रॅम खात बसले होते. ते आधी काढले.

मग व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये जाऊन पिंग आणि एफपीएस दोन्ही स्क्रीनवर दिसतील असं केलं. आपण दोन्हीला ‘लॅग’च म्हणतो, पण आजार वेगळे आहेत. पिंग म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. एफपीएस म्हणजे आपलं मशीन सेकंदाला किती चित्रं काढतं. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईतही आहे, पिंग ३५ ते ४० वर स्थिर होता. एफपीएस मात्र ११० वरून एकदम ४० वर यायचा आणि परत वर जायचा. म्हणजे इंटरनेटचा काही दोष नव्हता, प्लॅनचे जास्तीचे पैसे फुकट गेले होते. ताईला मी ते लगेच सांगितलं, तिने दुसऱ्या दिवशी प्लॅन उतरवला.

मोजायला मात्र व्हॅलोरंट बरा नाही, कारण प्रत्येक सामना वेगळा. त्याच्याकडे जीटीए फाइव्ह होता. त्यात तयार बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची चाचणी आहे, दर वेळी तेच रस्ते, तीच विमानं, तेच स्फोट. त्यामुळे आधीचं आणि नंतरचं यांची तुलना करता येते. सकाळी मशीन थंड असताना चालवला: सरासरी एफपीएस ३४. दुपारी दोन वाजता तासभर खेळल्यावर चालवला: २६. वहीत दोन्ही आकडे लिहिले. एकाच मशीनचे, एकाच सेटिंगचे, सकाळ आणि दुपार. इथेच मला कळलं की दुखणी दोन आहेत, एक उष्णतेचं आणि एक थंडीतही असणारं.

आधी उष्णता. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रोसेसरचं तापमान बघितलं. ९५ अंश. या प्रोसेसरची मर्यादाच ९५ आहे, तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. त्यात सोलापूरचा मे, बाहेर ४२ आणि पीसी कुठे, तर कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या लाकडी खणात, मागे भिंत. धूळ बसू नये म्हणून ताईने पुढे नॅपकिनही लावला होता.

खणातून बाहेर काढून मी वर्तमानपत्राची बोटभर पट्टी कापली आणि प्रत्येक पंख्यासमोर धरली. पुढच्या तिन्ही पंख्यांकडे पट्टी ओढली जात होती, म्हणजे ते हवा आत घेत होते. बरोबर. मागच्या पंख्यापाशी, बाहेरच्या बाजूने पट्टी धरली, तर ती फडफडत माझ्याकडे यायला हवी होती. ती जाळीला जाऊन चिकटली. मागचा पंखाही आतच ओढत होता. चार पंखे हवा आत भरतायत आणि बाहेर टाकणारा एकही नाही! गरम हवा प्रोसेसरवरच घुटमळत होती. पंख्याची ज्या बाजूला प्लॅस्टिकचे आडवे दांडे असतात आणि मधली गोल चकती त्यांना धरून असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. जोडणाऱ्याने तो उलटा बसवला होता. चार स्क्रू काढून फिरवला, दहा मिनिटांचं काम. पीसी टेबलावर ठेवला, नॅपकिन ताईला परत दिला. दुपारी पुन्हा बेंचमार्क: ३४, तापमान ८२. दिवसभर तोच आकडा.

पण ३४ हाच मुळात कमी होता. या प्रोसेसरला मी इतकं दुबळं मानत नाही. सहा कोअर आहेत, आतलं व्हेगा ग्राफिक्स जुन्या ठेवणीचं असलं तरी व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेमला भरपूर आहे. म्हणून टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर गेले. तिथे उजवीकडे खाली दोन ओळी असतात, त्या फार कमी लोक वाचतात. एकीत लिहिलं होतं, वेग २४००. दुसरीत, वापरलेले स्लॉट (रॅम बसवायच्या जागा): २ पैकी १.

भाच्याला मी शेजारी बसवून सांगितलं ते इथेही सांगते, कारण स्वस्तातले बरेच रेडिमेड पीसी इथेच मार खातात. वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते. जीटीएक्स १६५० हे साधं कार्ड घ्या, त्याच्या पहिल्या आवृत्तीत मेमरीतून सेकंदाला १२८ जीबी माहिती ये-जा करू शकते. ५६००जीमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही. ते प्रोसेसरच्याच रॅमवर जगतं. रॅमच्या एका स्टिकची वाट ६४ बिटांची, म्हणजे एका खेपेला ८ बाइट. २४०० च्या वेगाने सेकंदाला १९.२ जीबी. त्यातच विंडोज, त्यातच गेम, त्यातच सगळं चित्र. घरात दोघींना मिळून एकच नळ आणि तोही अर्धवट उघडलेला, अशी गत. शिवाय आठातले दोन जीबी बायोसने (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेले. विंडोजच्या हातात राहिले सहाला थोडे कमी. ते भरले की गेम एसएसडीवर सामान टाकायला लागतो आणि कोपऱ्यावर वळताना स्क्रीन थांबतो तो इथे.

नळ पूर्ण उघडणं फुकट होतं. स्टिकवरच्या स्टिकरवर ३२०० छापलेलं होतं, पण अशी बरीच रॅम आपणहून त्या वेगाने धावत नाही, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करावं लागतं. काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. पीसी चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहिलो, आत गेलो, एक्सएमपी चालू केलं, सेव्ह केलं. टास्क मॅनेजरमध्ये ३२०० दिसल्यावर भाचा ओरडलाच, “मावशी, महिनाभर हे असंच पडून होतं व्हय?” बेंचमार्क: ४१.

उरला रिकामा स्लॉट. संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही दोघं नवी पेठेत गेलो. दुकानदाराने आधी २६६६ ची स्टिक काढली, म्हणाला चालते की. चालते, पण मग दोन्ही स्टिक तिच्याच वेगाने चालतात. मी ३२०० चीच मागितली, शक्यतो त्याच कंपनीची आणि त्याच मॉडेलची. मिळाली, सतराशे रुपयांना. (२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, तेव्हा आता जाताना आधी चौकशी करून जा.)

स्टिक बसवायचं काम मी भाच्यालाच दिलं. स्वीच बंद, वायर काढलेली. आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, मग स्टिक कडेने धरायची, सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. दातांमधली खाच स्लॉटमधल्या उंचवट्यासमोर यायला हवी, उलटी बसतच नाही. दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाब. तो घाबरून हळू दाबत होता. म्हटलं, “जोर लाव, मोडत नाही.” टक् असा आवाज आला आणि कडेची चाप आपणहून बंद झाली. त्या आवाजाला त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्यासाठी मी अजून दहा पीसी खोलेन.

पीसी पहिल्यांदा चालू व्हायला थोडा जास्त वेळ घेतो, तेव्हा घाबरू नये, तो नव्या रॅमची ओळख करून घेत असतो. मग स्क्रीन आला. १६ जीबी, ३२००, स्लॉट २ पैकी २. आता दोन वाटा, सेकंदाला ५१.२ जीबी. बेंचमार्क: ६२.

दाजींनी वही मागून घेतली आणि आकडे वरून खाली वाचले. २६, ३४, ४१, ६२. मग विचारलं, “म्हणजे पंधरा हजारांचं कार्ड नको?” या खेळांना नको. उद्या त्याला मोठे नवे गेम खेळायचे असतील तर कार्ड लागेलच, ते मी लपवलं नाही. पण मला राग याचा येतो की ज्या मशीनला वेगळं कार्ड नाही, त्यात आठची एक स्टिक घालण्याऐवजी निदान चारच्या दोन घालणं दुकानाला जड नव्हतं. आणि एक्सएमपी चालू करायला तर एक पैसा लागत नाही. भिशीच्या पैशाने घेणाऱ्या माणसाला चिठ्ठीवर ‘गेमिंग’ लिहून द्यायचं, तर तेवढं करून द्यायलाच हवं.

रात्री साडेनऊला तो बसला. एफपीएस १५० च्या वर, खाली आला तरी १२० पर्यंत. मी ताईबरोबर स्वयंपाकघरात होते, आतून हसण्याचे आवाज येत होते.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. पुण्याच्या मित्राचा पीसीही अडकायलाय, त्याच्यात तर ग्राफिक्स कार्ड आहे. मी काही बोलायच्या आत म्हणाला, स्लॉट बघितले, दोन पैकी दोन. वेग बघितला, ३२००. तापमान ७० च्या खाली. मी विचारलं, “मॉनिटरची केबल कुठे लावलीय? कार्डात नसेल तर कार्ड नुसतंच बसून राहतं.” तो दोन सेकंद गप्प. मग दुसऱ्या फोनवर त्याचा आवाज ऐकू आला: “अरे मागं जाऊन बघ, केबल वर उभ्या पट्टीत लावलीयस का खाली आडव्या कार्डात?... वर? काढ ती, खाली लाव!”