पाच सेकंदांची उठाठेव

घरच्या व्हिडिओंच्या आधी काउंटडाउन लावायची सवय मला लागली ती हौसेने नव्हे, वैतागून. टीव्हीसमोर सगळे जमलेले असतात, मी व्हिडिओ सुरू करतो, आणि गप्पा चालूच. पडद्यावर भाची आयुष्यातलं पहिलं पाऊल टाकते, दुसरं टाकते, दाणकन बसते, भोकाड पसरते, आणि मग कोचाच्या कोपऱ्यातून आईचा आवाज येतो, "अरे, लावलंस का?" मागे घे, पुन्हा लाव. तिसऱ्यांदा मागे घेताना मनात आलं, नाटकाला असते तशी याला घंटा पाहिजे.

तयार क्लिपा ढिगाने मिळतात, पण त्या कुणी कशासाठी बनवलेल्या असतात देव जाणे. आकडे पोलादाचे, मागे ज्वाळा, प्रत्येक आकड्याला नगाऱ्यावर टोला, आणि शेवटी पडदा फोडून स्फोट. एवढ्या दणदणाटानंतर काय दिसणार, तर तीन फुटांवरून फोनवर टिपलेलं, डायपर घातलेलं एक पोर. ते काही जमेना. म्हटलं, आपणच करू. आकडे पाच. असं किती अवघड असणार?

पहिली आवृत्ती दहा मिनिटांत झाली. पॉवरपॉइंटच्या पाच काळ्या स्लाइड, प्रत्येकीवर एक भलामोठा पांढरा आकडा, प्रत्येक स्लाइड एक सेकंद, आणि सगळं व्हिडिओ म्हणून एक्स्पोर्ट. आकड्यामागच्या गोलाला ‘व्हील’ नावाचं ॲनिमेशन लावलं, त्याचा आरा एकच ठेवला, की घड्याळाचा काटा फिरल्यासारखा तो गोल भरत जातो. खरं म्हणजे इथेच थांबायला हवं होतं. घरच्या व्हिडिओला याहून जास्त काही लागत नाही, हे मी आजही कुणालाही सांगेन.

पण जुन्या सिनेमाच्या रिळावर असतो तसा काटा मला हवा होता. मग गणित आलं. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, म्हणून सेकंदाला एक फेरी मारणारा काटा प्रत्येक फ्रेममध्ये १५ अंश सरकतो. माझा फोन ३० फ्रेमने चित्रण करतो, म्हणजे माझ्या काट्याच्या वाट्याला १२ अंश. हे सगळं स्वतः काढावं लागत नाही. सुरुवातीला शून्य अंशाची कीफ्रेम, म्हणजे त्या क्षणी काटा कुठे हवा त्याची खूण, सेकंदाच्या शेवटी ३६० ची, मधलं अंतर व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर भरून काढतं. मी तसं केलं, आणि काटा प्रत्येक फेरीला दबकत निघून दबकत थांबायला लागला, जणू पुढचा आकडा कोणता हे त्याला आठवत नव्हतं. सॉफ्टवेअरला वाटतं हालचाल लोभस हवी, म्हणून सुरुवात आणि शेवट ते आपण होऊन हळू करतं. काट्याला लोभसपणा नको असतो. गती एकसारखी केली तेव्हा कुठे तो सरळ झाला. आवाजासाठी स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवून फोनवर रेकॉर्ड केला. तो टणत्कार एक-दोन फ्रेम पुढेमागे झाला तरी कानाला खुपतो, हे कळायला एक अख्खी संध्याकाळ गेली.

गंमत म्हणजे ज्याची मी एवढी नक्कल करत होतो तो रिळावरचा काउंटडाउन प्रेक्षकांसाठी नव्हताच. त्याला ‘लीडर’ म्हणतात, आणि तो प्रोजेक्टर चालवणाऱ्याचा. अमेरिकेतल्या चित्रपट अकादमीने १९३० साली त्याचा एक नमुना ठरवून दिला. त्यातले आकडे सेकंदांचे नसून फुटांचे होते: ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे दोन आकड्यांमध्ये सेकंदाचा दोनतृतीयांश भाग. एक रीळ संपत आलं की ऑपरेटरने दुसरा प्रोजेक्टर चालू करायचा, आणि पहिलं चित्र येईपर्यंत त्याच्या मोटरने वेग पकडायचा. त्यासाठी ही आधीची पट्टी. साठच्या दशकात सेकंदांनी मोजणारा, गरगर काट्याचा लीडर आला, तोच आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. तो आठपासून सुरू होतो आणि दोनावर संपतो. दोन एका फ्रेमपुरता चमकतो, तिथेच एक ‘टुक’ असा आवाज, आणि मग पहिल्या चित्रापर्यंत नुसता काळोख. ‘एक’ नाहीच! आणि आपण सगळे मोठ्या भक्तिभावाने एकापर्यंत मोजतो, वर खोटे ओरखडेही टाकतो. (मीही टाकले होते. नंतर लाज वाटून काढले.)

आपल्याला हवी असलेली उलटी मोजणी, म्हणजे बघणाऱ्याचा श्वास रोखणारी, तीही सिनेमातलीच, पण दुसऱ्या घराण्याची. फ्रिट्झ लांगने १९२९ सालच्या चंद्रप्रवासाच्या मूकपटात रॉकेट उडण्याआधी आकडे उलटे मोजून दाखवले. बोलून दाखवायची सोय नव्हती, म्हणून ते पडद्यावर लिहिले. सरळ मोजत गेलं तर कुठे थांबणार हे कुणाला कळतं? उलटं मोजलं की सगळ्यांना कळतं. अगदी माझ्या आईलासुद्धा.

तर, आकडे मी देवनागरीत केले होते आणि प्रत्येक आकडा पुठ्ठ्यासारखा गर्कन फिरून जावा अशी योजना होती. कॉम्प्युटरच्या छोट्या खिडकीत झकास दिसलं. टीव्हीवर लावलं. पाच, चार... आणि तीन फिरता फिरता त्याची पाठ दिसली. तिनाची पाठ म्हणजे सहा. क्षणभरच, पण पडद्याएवढा. "सहा!" भाचा ओरडला. "पाच, चार, सहा?" मग जो हशा पिकला त्यात दोन, एक आणि पहिलं पाऊल, तिन्ही वाहून गेले. त्या १९३० च्या लीडरवर ६ आणि ९ हे आकडे अक्षरांत लिहिलेले असत, उलटेसुलटे वाचले जाऊ नयेत म्हणून. हे मी नंतर वाचलं.

गर्कन फिरणं मी काढून टाकलं. त्याचा उपयोग झाला नाही. आता तीन आला की सगळे मिळून "सहा!" ओरडतात, मुद्दाम. पाहुण्यांनाही आधी शिकवून ठेवतात. ज्या गोंगाटावर उतारा म्हणून हा उद्योग केला, तो गोंगाट आता वेळेवर आणि तालात होतो, एवढाच फरक. शेवटी मी रीळवाल्यांचीच युक्ती उचलली: आकडे संपले की दोन सेकंद काळोख. हसू ओसरायला तेवढा वेळ पुरतो, हे मी मोजून पाहिलंय. परवा पहिल्यांदा लावून पाहिलं. आकडे संपले, पडदा काळा झाला, हसू विरलं, खोलीत अगदी हवी होती तशी शांतता पसरली.

आणि कोचाच्या कोपऱ्यातून आवाज आला, "अरे, बंद पडलं का?"