ओंता: ओढ्याच्या तालावर चालणारं कुंभारांचं गाव

जपानच्या क्यूशू बेटावर हिता शहराच्या वरच्या डोंगरात सारायामा ही छोटी वस्ती आहे. ओंता भांडी इथलीच, १७०५ सालापासूनची. यानासे, कुरोकी, साकामोतो आणि कोबुकुरो या चार आडनावांच्या मोजक्या घरांत हे काम चालतं. बाहेरचा शागीर्द घेत नाहीत आणि प्रत्येक घरात कला एकाच मुलाकडे जाते.

गावात शिरताच धप्प, धप्प आवाज येतो. ओढ्याकाठी लाकडाचे लांब ओंडके टेकूवर तोललेले असतात. एका टोकाच्या खोलगट भागात पाणी भरलं की ते टोक खाली जातं, पाणी सांडतं आणि दुसऱ्या टोकाचं मुसळ मातीवर आदळतं. हे रात्रंदिवस चालतं. डोंगरातली कडक माती अशी आठवडेच्या आठवडे कुटली जाते. ओढा जेवढी माती कुटून देईल तेवढीच भांडी होणार. गावाने पसारा वाढवला नाही, याचं मला फार मोल वाटतं. २०१७ च्या अतिवृष्टीत यातली बरीच मुसळं मोडली होती. ती पुन्हा उभी केली.

चाक पायानेच फिरवतात. नक्षीचं काम मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. अर्धवट सुकलेल्या भांड्यावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. फिरत्या भांड्याला पातळ, लवचीक पोलादी पट्टी टेकवली की ती थरथरत उड्या मारते; प्रत्येक उडीला लेपाचा एक टवका उडतो आणि खालची गडद माती दिसते. बघता बघता सगळी थाळी बारीक खुणांनी भरते.

फुकुओका शहरातल्या हाकाता स्थानकाहून रेल्वेने हिताला दीड तासाच्या आसपास लागतो. पुढे बस आहे, पण दिवसाला मोजक्याच फेऱ्या. परतीची वेळ आधी बघून ठेवा. रोख येन जवळ असू द्या. अंगणात फळ्यांवर भांडी वाळत असतात, त्यांना हात लावू नका आणि फोटोआधी विचारा. ऑक्टोबरच्या जत्रेत खरेदीला भरपूर मिळतं, पण काम निवांत बघायचं तर एरवीचा दिवस बरा. भांड्यावर कारागिराचं नाव नसतं, तशी इथली रीतच आहे. म्हणून सगळ्या घरांतून एक फेरी मारा, थाळ्या हातात घेऊन वजन आणि काठ बघा, मगच घ्या. गुंडाळायला जाड कपडे सोबत न्या.