क्लार्क ते ऑफिसर : बँकेतल्या बढतीचा माझा अनुभव

सरकारी बँकेत क्लार्कला ऑफिसर व्हायला साधारण दोन वाटा असतात. एक सेवाज्येष्ठतेची, दुसरी फास्ट ट्रॅकची. पहिलीत नोकरीची वर्षं जास्त लागतात, दुसरीत वर्षं कमी पण लेखी परीक्षेवर भिस्त जास्त. नेमकी किती वर्षं, लेखीला किती गुण, मुलाखतीला किती, हे प्रत्येक बँकेचं वेगळं असतं आणि त्या त्या वर्षीच्या सर्क्युलरमध्ये दिलेलं असतं. ते सर्क्युलर स्वतः वाचा. युनियनच्या ग्रुपवर फिरणाऱ्या सारांशावर विसंबू नका.

मी फास्ट ट्रॅकला अर्ज केला. पण तयारी त्याच्या बरीच आधी सुरू केली होती. सगळ्यात आधी जेएआयआयबी. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची बँक कर्मचाऱ्यांसाठीची ही परीक्षा 2023 पासून चार पेपरांची झाली आहे. प्रत्येक पेपर 100 गुणांचा, उत्तीर्ण व्हायला 50, आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. अकाउंटिंगचा पेपर माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या मुलींना अवघड जातो, म्हणून तो मी आधी धरला. जेएआयआयबीची एक वेतनवाढ मिळते, तेवढ्यासाठीसुद्धा ती द्यावीच.

पण खरं शिक्षण झालं ते लोनच्या टेबलावर. आमची शाखा सांगली जिल्ह्यातली, ऊस आणि द्राक्षाच्या पट्ट्यातली. कॅश काउंटरवर सकाळी दहापासून जी रांग लागते, त्यात मान वर करायला फुरसत मिळत नाही, आणि वर्षानुवर्षं कॅशमध्ये बसलेल्या माणसाला कर्जाची फाईल कशी उभी राहते हे कळतच नाही. मी मॅनेजरसाहेबांना सरळ विचारलं, "साहेब, कॅश टॅली झाल्यावर मी लोनच्या फाईली लावायला बसू का?" त्यांना माणूस हवाच होता. तेव्हापासून संध्याकाळी मी ॲग्री ऑफिसरांच्या शेजारी बसायला लागले. सातबारा, आठ अ, फेरफार, चतुःसीमा, इतर बँकांचे नो ड्यूज, म्हणजे थकबाकी नसल्याचे दाखले. आधी नुसते कागद क्रमाने लावायचे, मग हळूहळू प्रस्तावच लिहायचा.

त्यातली एक फाईल मला कायमची शिकवून गेली. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा ठिबकसाठी कर्ज मागायला आले होते. जमीन चांगली, बाकी कागद स्वच्छ, पण सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात आमच्याच बँकेचा जुना बोजा, म्हणजे जमीन कर्जाला तारण असल्याची नोंद. आजोबा म्हणायचे, "मॅडम, पैसं तर मी कवाच भरल्यात." कोअर बँकिंगमध्ये त्यांच्या नावावर कसलंच कर्ज दिसत नव्हतं, कारण ते खातं संगणक येण्याआधीच बंद झालेलं. साहेबांची परवानगी घेऊन मी रेकॉर्ड रूममधली जुनी लेजरं काढली. कापडी पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेली. एका पानावर त्यांचं नाव सापडलं. शेवटच्या हप्त्याची नोंद, शिल्लक शून्य, खाली तांबड्या शाईची दुहेरी रेघ आणि ऑफिसरची आद्याक्षरं. त्या पानाच्या आधारावर साहेबांनी बोजा कमी करण्याचं पत्र दिलं, तलाठी कार्यालयात अर्ज गेला, फेरफार मंजूर झाला आणि मगच नवीन कर्ज झालं. पैसे फेडूनही त्या माणसाची जमीन कागदावर इतकी वर्षं अडकून होती, हे माझ्या मनातून जात नाही. कर्ज देणं जितकं बँकेचं काम, तितकंच ते फिटल्यावर माणसाला मोकळं करणंही.

लेखी परीक्षेचं थोडक्यात सांगते. पुस्तकांपेक्षा बँकेची स्वतःची सर्क्युलरं आणि रिझर्व्ह बँकेच्या सूचना यांवर जोर द्या. केवायसी, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट (चेक, हुंड्यांचा कायदा), सरफेसी (तारण मालमत्तेतून थकलेलं कर्ज वसूल करण्याचा कायदा), एनपीएचे म्हणजे थकीत कर्जांचे नियम, अग्रक्रम क्षेत्र (शेती, लघुउद्योग अशी ज्यांना ठरावीक वाटा कर्ज द्यावंच लागतं ती क्षेत्रं). बँकेच्या कर्जांपैकी 40 टक्के एकूण अग्रक्रम क्षेत्राला, त्यात 18 टक्के शेतीला, हे आकडे पाठ केले तर विसरतात. आपल्या शाखेला दिलेल्या टार्गेटशी जोडून बघितले की डोक्यात बसतात. मी रोज सकाळी डबे झाल्यावर एक सर्क्युलर वाचायची आणि त्यातलं महत्त्वाचं वहीत मराठीत लिहायची. पेपर इंग्रजीत होता, तरी समजून घ्यायला मराठीच कामाला आली.

मुलाखत झोनल ऑफिसला झाली. पॅनेलवर तीन वरिष्ठ. पहिलाच प्रश्न, "उसाचं पीककर्ज एनपीए कधी होतं?" बहुतेक जण सवयीने नव्वद दिवस सांगून मोकळे होतात. ते घरकर्जाला, गाडीच्या कर्जाला लागू. शेतीत पिकाचा हंगाम बघायचा. कमी मुदतीच्या पिकाला देय तारखेनंतर दोन हंगाम, आणि ज्याचा हंगाम वर्षापेक्षा मोठा अशा दीर्घ मुदतीच्या पिकाला एक. हंगाम किती हे राज्यस्तरीय बँकर्स समिती ठरवते. अडसाली ऊस वर्षाहून जास्त रानात उभा असतो, हे मला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

मग एकांनी विचारलं, "शाखेत तुम्ही स्वतः हाताळलेलं एखादं काम सांगा." मी आजोबांची फाईल सांगितली. त्यावर लगेच दुसरा प्रश्न आला, कर्ज फिटल्यावर कागदपत्रं परत करण्याचा आताचा नियम काय? मला पाठ होता. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवलेला बोजा काढायचा, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2023 मध्ये काढलेली ही सूचना 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. नियम सांगताना माझ्या डोळ्यांसमोर ते लेजरचं पान होतं, त्यामुळे आवाज कुठे अडखळला नाही.

आता बदलीचं. बढती झाली की बहुधा जिल्हा सुटतो, कधी राज्यही. आमच्याकडच्या कितीतरी हुशार बायका केवळ यासाठी फॉर्मच भरत नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. मी फॉर्म भरण्याआधी घरात सगळं बोलून घेतलं. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्याला लगेच हलता येणार नव्हतं. मुलगी चौथीत. सासूबाई म्हणाल्या, "तू जा, पोरीचं मी बघते. पण दर आठवड्याला यायचं." मला बुलढाणा जिल्ह्यातली शाखा मिळाली. दर आठवड्याला येणं जमत नाही, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी धरून जाते. ज्यांना जायचं आहे त्यांनी निकाल लागायची वाट न बघता हे बोलणं आधीच करून ठेवावं. रुजू व्हायला मुदत थोडी मिळते आणि नकार दिला तर पुढची काही वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो.

इथे आल्यावर काम बदललं. आधी मी एंट्री करायची, आता दुसऱ्याची एंट्री तपासून पास करते, आणि पास केली की जबाबदारी माझी. पिकंही वेगळी, इथे सोयाबीन आणि कापूस. आमच्या शाखेत एक तरुण क्लार्क आहे, कॅशमध्ये बसते, जेएआयआयबीचे दोन पेपर पास झालेत. मॅनेजरमॅडमशी बोलून कॅश टॅली झाल्यावर तिला माझ्याजवळ बसवून घेते. सध्या ती कर्ज फिटलेल्या खात्यांची यादी काढते आहे, कुणाकुणाच्या सातबाऱ्यावर आमचा बोजा अजून राहिलाय ते बघायला.